एकोणीस दिवस आणि एकोणीस तास

२०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडनहून निघालेले एक विमान वाटेत कोठेही न थांबता १९ तास १९ मिनिटांत सिडनीला पोहोचले. अंतर सुमारे १७,८०० किलोमीटर. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची ती चाचणी होती. विमानात जेमतेम पन्नास माणसे होती आणि इतका वेळ हवेत राहिल्याने मनुष्याच्या झोपेवर व सावधपणावर काय परिणाम होतो, हे त्यांच्यावरच तपासले जात होते. त्याआधी, २०१८ च्या मार्चमध्ये, पर्थ ते लंडन अशी १४,४९८ किलोमीटरची थेट नियमित सेवा सुरू झाली होती आणि तिला सुमारे सतरा तास लागत असत. वर्तमानपत्रांनी या बातम्या जगाच्या आकुंचनाचा पुरावा म्हणून छापल्या. त्या वाचताना मात्र दुसराच एक आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो. १९३० साली सव्वीस वर्षांची एक तरुणी एका लाकडी सांगाड्याच्या, कापड ताणून बसविलेल्या, उघड्या विमानातून लंडनजवळील क्रॉयडनहून एकटी निघाली आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन येथे उतरली. तिने कापलेले अंतर ११,००० मैल, म्हणजे सुमारे १७,७०० किलोमीटर. अंतर जवळजवळ तेच. काळ मात्र साडेएकोणीस दिवस. तिचे नाव एमी जॉन्सन.

दोन विमानतळांतील अंतर ही वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वाकडा दिसतो. लंडनहून डार्विनला जाणारी अशी सर्वांत आखूड रेषा ईशान्येकडे झुकून बाल्टिक समुद्र, रशिया, मध्य आशिया आणि चीन यांवरून जाते आणि तिची लांबी सुमारे १३,८०० किलोमीटर भरते. एमी जॉन्सनचा मार्ग तिच्यापेक्षा जवळजवळ ३,९०० किलोमीटरने अधिक लांब होता. कारण उघड आहे. तेव्हाच्या लहान विमानाला रोज कोठेतरी उतरावे लागे, जेथे उतरायचे तेथे पेट्रोल हवे, आणि इंग्रज माणसाला पेट्रोल व मैदान मिळण्याची हमी ब्रिटिश साम्राज्याच्या छायेतच अधिक. म्हणून वाट व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची, कलकत्ता, रंगून, सिंगापूर अशी जाई. त्या काळच्या हवाई मार्गाचा नकाशा बव्हंशी साम्राज्याचाच नकाशा होता.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. वडिलांचा मासळीचा मोठा व्यापार होता. आजोबा डेन्मार्कहून येऊन तेथे स्थायिक झालेले. चार बहिणींतील ही सर्वांत थोरली. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्रासह बी. ए. ची पदवी घेतली. १९२५ सालच्या इंग्लंडात मुलीने पदवी घेणे अपूर्व नव्हते, तथापि त्या पदवीचे पुढे काय करायचे, याचे उत्तर समाजाजवळ नव्हते. ते उत्तर आपल्याकडील पदवीधर मुलींनाही पुढे अनेक वर्षे मिळत होते तेच निघाले: टंकलेखन. लंडनला जाऊन ती एका वकिलाच्या कचेरीत चिटणिशीच्या कामाला लागली. एका स्विस गृहस्थावर तिचे अनेक वर्षांचे प्रेम होते. त्याने १९२८ मध्ये दुसरीशीच लग्न केले. पुढच्याच वर्षी तिच्या पाठच्या बहिणीने आत्महत्या केली. चरित्रकार या दोन घटनांत तिच्या साहसाचे मूळ शोधतात. मला स्वतःला ही मीमांसा पुरेशी वाटत नाही. दुःख अनेकांच्या वाट्याला येते. त्यातले फारच थोडे लोक इंजिन उघडून बसतात.

कारण तिने केले ते नेमके हेच. लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन येथे एक विमानक्लब होता. सरकार अशा क्लबांना साह्य देत असल्यामुळे पगारदार माणसालाही तेथे उड्डाण शिकणे अगदीच अशक्य नव्हते. तिची प्रगती मुळीच चमकदार नव्हती. एकटीने विमान नेण्यापूर्वी तिला सुमारे सोळा तासांची शिकवणी लागली. चलाख विद्यार्थी याच्या निम्म्या वेळात मोकळे होत. परंतु उड्डाण संपल्यावर इतर सभासद चहापानाला वळत, तेव्हा ही मुलगी हँगरमध्ये यांत्रिकांच्या घोळक्यात शिरे. कामाचे डगले घालून, हात तेलात बुडवून, व्हॉल्व्ह घासणे, प्लग साफ करणे, इंजिन सुटे करून पुन्हा जोडणे हे सारे ती शिकली. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जमिनीवरील अभियंत्याचाही. हा दुसरा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. तिच्या चरित्रातील खरा निर्णायक दिवस कोणता असे विचारले, तर मी डार्विनचा दिवस सांगणार नाही, हा सांगेन.

ऑस्ट्रेलियाला एकटीने जाण्याचा तिचा बेत ऐकून पैसे द्यायला कोणी तयार होईना. अखेर वडील आणि तेलाच्या धंद्यातील धनिक लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून भार उचलला आणि सुमारे सहाशे पौंडांत एक वापरलेले जिप्सी मॉथ विमान आले. वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून तिने त्याचे नाव जेसन ठेवले. इंजिन शंभर अश्वशक्तीचे, वेग ताशी कसाबसा १३५ किलोमीटर, बिनतारी यंत्र नाही, डोक्यावर छत नाही. तिच्या गाठीला शंभरेक तासांच्याच उड्डाणांचा अनुभव होता आणि तिने एकटीने कापलेला सर्वांत लांब पल्ला म्हणजे लंडनहून माहेरच्या हलपर्यंतचा, सुमारे २४० किलोमीटरचा. नकाशावर पट्टी ठेवून तिने जवळची वाट आखली होती. त्या रेषेखाली किती उंच डोंगर आहेत याची पुरती माहिती तेव्हाच्या नकाशांतही नव्हती.

५ मे १९३० रोजी सकाळी तिने क्रॉयडन सोडले. निरोपाला वडील आणि मोजकी मंडळी होती. इंग्लंडच्याच वर्तमानपत्रांनी या घटनेला फारशी जागा दिली नाही. आपल्याकडे तर ती मिळण्याची शक्यताच नव्हती. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर दांडीजवळील कराडी येथे महात्मा गांधींना अटक होऊन येरवड्याकडे नेण्यात आले होते. पुढील आठवड्यात सोलापुरात गोळीबार झाला आणि १२ मे रोजी तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. एमी जॉन्सन त्याच १२ मे रोजी कलकत्त्याला उतरली. म्हणजे ज्या आठवड्यात हा देश पेटलेला होता, त्याच आठवड्यात ती त्याच्या डोक्यावरून, कराचीपासून बंगालपर्यंत, उडत गेली. हा केवळ कालयोग आहे. तिचा साम्राज्याशी संबंध त्याची मैदाने वापरण्यापुरताच होता, आणि ज्यांनी नंतर तिला साम्राज्याची कन्या म्हणून मिरविले त्यांच्या हिशेबाची जबाबदारी तिच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही.

प्रवासाची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी काही टप्पे सांगायलाच हवेत. तुर्कस्तानातील टॉरस पर्वताच्या अरुंद दऱ्यांतून ढगांत चाचपडत ती अलेप्पोला पोहोचली. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने विमान खाली आपटल्यासारखे उतरविले. इंजिनावर कापड झाकून, हाती पिस्तूल धरून, विमानाला पाठ टेकून ती वादळ सरेपर्यंत तासन्‌तास वाळवंटात बसून राहिली. सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला आली. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली इंग्लंड ते डार्विन हा प्रवास एकट्याने साडेपंधरा दिवसांत केला होता आणि त्याला कराचीपर्यंत आठ दिवस लागले होते. ही मुलगी त्याच्या दोन दिवस पुढे होती. तेव्हा कोठे लंडनची वर्तमानपत्रे खडबडून जागी झाली.

येथे आणखी एका स्पर्धेची आठवण करून दिली पाहिजे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक लावले होते, आणि १९३० च्या त्याच उन्हाळ्यात जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे व सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे उडत होते. पारितोषिक अस्पी इंजिनिअर यांनी जिंकले. ते पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांनी १९३२ च्या ऑक्टोबरात कराची ते मुंबई ही टपालसेवा सुरू केली आणि पहिल्या दिवशी विमान स्वतः चालवून जुहूच्या मैदानावर उतरविले. एमी जॉन्सनचे साहस म्हणजे आकाशातून पडलेला चमत्कार नव्हता. तिच्यासारखीच लहान विमाने घेऊन त्याच वाटेवर इतरही तरुण झगडत होते.

कराचीहून अलाहाबादला पोहोचण्याचा तिचा विचार होता. पण समोरच्या वाऱ्याने पेट्रोल संपत आले आणि तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. विमानाला इजा झाली, ती रातोरात दुरुस्त करून पहाटे ती पुढे निघाली. कलकत्त्यानंतर मात्र दैव फिरले. रंगूनजवळ मुसळधार पावसात घोडदौडीचे मैदान समजून ती इन्सीन येथील अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान पलीकडच्या चरात शिरले. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा मोडला, पंखाच्या फासळ्या तुटल्या. जादा पंखा तिने विमानाला बांधून आणलाच होता. उरलेले काम त्या संस्थेतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. पंखावर ताणायला विमानाचे कापड कोठून आणायचे? महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या विमानाच्या कापडाचे तेथे सदरे शिवले गेले होते. ते सदरे उसवून त्यांचे कापड पंखावर चढविण्यात आले. या तीन दिवसांत विक्रम तिच्या हातून निसटला. परंतु त्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात जे कधी मिळाले नसते, ते त्या तीन दिवसांत मिळाले असणार. आमच्या तंत्रशाळांतील अध्यापकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

पुढे जावामध्ये एका साखर कारखान्याच्या आवारात उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पाडली. ती जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांनी बुजविली गेली. टिमोर बेटावर अंधार पडू लागल्याने ती भलत्याच ठिकाणी उतरली आणि एक रात्र जगाला तिचा पत्ता लागला नाही. शेवटी सुमारे आठशे किलोमीटरचा टिमोर समुद्र ओलांडून २४ मे रोजी दुपारी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली. हिंकलरच्या विक्रमाला मात्र ती चार दिवसांनी मुकली होती.

आता थोडा हिशेब करू. ताशी १३५ किलोमीटर वेगाने १७,७०० किलोमीटर अंतर कापायला सुमारे १३० तास लागतात, म्हणजे साडेपाच दिवसांहून कमी. मग उरलेले चौदा दिवस कोठे गेले? ते जमिनीवर गेले. रोज संध्याकाळी उतरल्यावर पेट्रोल गाळून टाकीत भरणे, तेल बदलणे, प्लग काढून पुसणे, अधिकाऱ्यांच्या कागदांवर सह्या करणे, मेजवानीचे आग्रह टाळणे आणि दोन-तीन तासांची झोप घेऊन पहाटे पुन्हा निघणे. दोन विमानतळांमधला काळ हा प्रायः हवेत जात नाही, हे आजचा प्रवासीही जाणतो; सुरक्षातपासणीच्या रांगेत उभा राहिलेला कोणीही ते सांगेल. फरक इतकाच की, एमी जॉन्सनच्या जमिनीवरील चौदा दिवसांत जे हात राबले, त्यांतले मुख्य हात तिचेच होते. टंकलेखिकेला कोणी तरी विमान देऊन सोडले आणि नशिबाने ती पोहोचली, असा जो सूर तेव्हाच्या कौतुकात होता, तो म्हणूनच सत्याला धरून नाही. अभियंत्याचा परवाना नसता, तर ती बगदादच्याही पुढे गेली नसती.

कौतुकाचा तो पूर भयंकर होता. राजाने सन्मान दिला, तिच्यावर गाणी रचली गेली, मायदेशी परतल्यावर क्रॉयडनपासून लंडनपर्यंतच्या रस्त्यावर लाखो लोक लोटले. डेली मेल या वृत्तपत्राने दहा हजार पौंड दिले. मात्र त्यासोबत देशभर फिरून आपल्या झेंड्याखाली दर्शन देण्याची अटही आली. एक आठवडा होतो न होतो तोच तिची प्रकृती व मन दोन्ही ढासळली आणि दौरा थांबवावा लागला. वर्तमानपत्रे माणूस घडवितात असे आम्ही अभिमानाने म्हणतो. ती त्याला किती लवकर झिजवितात, हेही या धंद्यातल्यांनी कधी तरी लक्षात घ्यावे.

यानंतरच्या वर्षांत तिने विक्रम केले, आणि ते अस्सल होते. १९३१ मध्ये जॅक हम्फ्रीज या आपल्या जुन्या गुरू-यांत्रिकाला सोबत घेऊन तिने लंडन ते मॉस्को अंतर एका दिवसात कापले व पुढे टोकियोपर्यंत विक्रमी वेळेत मजल मारली. १९३२ साली जिम मॉलिसन या ख्यातनाम वैमानिकाशी तिचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच लंडन ते केप टाउन या मार्गावरचा नवऱ्याचाच विक्रम तिने सुमारे दहा तासांनी मोडला. १९३३ मध्ये दोघांनी मिळून वेल्सहून अटलांटिक ओलांडला; न्यूयॉर्क दृष्टीच्या टप्प्यात असताना पेट्रोल संपले आणि विमान ब्रिजपोर्ट येथे कोसळले. दोघे बचावले. संसार मात्र मद्याने व मत्सराने पोखरला आणि १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

या काळातील एक प्रसंग आपल्या भूमीवरचा आहे. १९३४ च्या ऑक्टोबरात इंग्लंड ते मेलबर्न ही मोठी हवाई शर्यत झाली. मॉलिसन दांपत्याने कॉमेट जातीच्या नव्या, वेगवान विमानातून कराची सुमारे बावीस तासांत गाठली. चार वर्षांपूर्वी याच अंतराला एमीला सहा दिवस लागले होते, आणि तोही पराक्रमच मानला गेला होता. परंतु कराचीनंतर रात्रीच्या अंधारात वाट चुकून ते जबलपूरला उतरले. तेथे विमानाचे पेट्रोल नव्हते. मोटार-बसच्या कंपनीकडचे साधे पेट्रोल भरावे लागले. त्याने इंजिन जळाले आणि अलाहाबादला शर्यत संपली. तशाच दुसऱ्या कॉमेट विमानाने शर्यत तीन दिवसांच्या आत जिंकली. ताशी साडेतीनशे किलोमीटरने धावणारे यंत्र जबलपुरातील पेट्रोलच्या डब्याने थांबविले, हे यंत्रयुगाचे मर्म आहे.

१९३८-३९ च्या सुमारास तिची खरी अडचण सुरू झाली. विक्रमांचे युग संपत आले होते. अंतरे आता टपाल आणि प्रवासी नेणाऱ्या कंपन्या नियमितपणे कापू लागल्या होत्या. अनुभव पाहता अशा कंपनीत तिला मानाची जागा मिळायला हवी होती. परंतु मोठ्या कंपन्यांच्या विमानांवर स्त्री वैमानिकाला जागा नव्हती. जिच्यासाठी लाखो लोक रस्त्यावर आले, तिला नोकरी मिळेना. १९३९ मध्ये तिने पोर्ट्‌समथ ते वाइट बेट अशी काही मिनिटांची प्रवासी उड्डाणे करणाऱ्या एका लहान कंपनीत काम धरले. साम्राज्य ओलांडून गेलेली वैमानिक खाडीवरून ये-जा करू लागली, आणि त्यात तिला कमीपणा वाटला अशी नोंद नाही. याच दशकात दोन वर्षे ती स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेची अध्यक्ष होती, ही गोष्ट तिच्या चरित्रांत सहसा एका ओळीत उरकली जाते.

युद्ध सुरू झाल्यावर कारखान्यांतून व दुरुस्तीकेंद्रांतून विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचविणाऱ्या साहाय्यक दलात ती १९४० मध्ये दाखल झाली. तेथेही स्त्रियांना पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी वेतन होते. ते समान झाले १९४३ मध्ये. तोवर ती जगात नव्हती.

५ जानेवारी १९४१ रोजी तिला एक ऑक्सफर्ड जातीचे दुहेरी इंजिनाचे विमान ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळावर न्यायचे होते. अंतर सुमारे २४० किलोमीटर, काम तासाभराचे. हवा वाईट होती, खाली ढगांचा थर होता आणि या विमानांना वापरायला बिनतारी यंत्र दिलेले नसे. दुपारी बाराच्या सुमारास ती निघाली. साडेतीनच्या सुमारास टेम्स नदीच्या मुखाशी, किडलिंग्टनपासून जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेला, जहाजांच्या एका ताफ्यातील खलाशांना आकाशातून उतरणारी हवाई छत्री दिसली. बहुधा ढगांवर अडकून, जमीन न दिसता, पेट्रोल संपेपर्यंत ती उडत राहिली असावी. आपल्याच तोफांनी तिचे विमान शत्रूचे समजून पाडले, असा दावा पुष्कळ वर्षांनी करण्यात आला. तो सिद्ध झालेला नाही. हेझलमिअर या जहाजाने तिला दोर टाकले. पाणी गोठविणारे होते, लाटा उंच होत्या. तिच्या हाती दोर आला नाही. जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर स्वतः समुद्रात उतरला. त्याला वर काढले तेव्हा तो बेशुद्ध होता आणि थंडीने त्याचा अंत झाला. त्याला मरणोत्तर शौर्यपदक देण्यात आले. एमी जॉन्सनचा देह मिळाला नाही. तिचे वय सदतीस होते. लंडनजवळ रनीमीड येथे ज्यांना कबर नाही अशा हवाई सैनिकांचे स्मारक आहे, त्यावर तिचे नाव कोरलेले आहे. आणि तिचे जेसन हे विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात छताला टांगलेले आहे.